भोपळ्यावरची पहिली रेघ

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. फौजेत एकोणीस वर्षं लांगरी होतो, म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. सव्वाशे माणसांचा भात एका वेळी उतरवायचा आणि वर सुभेदारसाहेबांची बोलणी खायची, असं केल्यावर माणसाचा आवाज चढाच राहतो. हवालदार म्हणून रिटायर झालो, मलकापूरजवळच्या आमच्या गावी येऊन ऊस लावला, तरी आवाज काही खाली आला नाही. माझं नाव जोतीराम. पण मला सांगायचंय ते माझ्या वहिनीबद्दल, बनुबाईबद्दल. मी मधेमधे येणार, कारण चूक माझी होती.

बनुवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नानासोची बायको. माहेर लोणंदचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठवीत होतो. उंच, सावळी, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिला एकच नाद, तांबडा भोपळा. मृग निघाला की उकिरड्याच्या कडेला चार बिया टोचायची आणि वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढवायची. गणपतीला बघावं तर पत्र्यावर वीस-पंचवीस भोपळे बसलेले, प्रत्येकाच्या बुडाखाली उसाच्या पाचटाची चुंबळ. देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासं झालं की मगच भोपळा उतरवायचा, तोही देठासकट. देठ मोडला की भोपळा नासतो म्हणायची. असे उतरवलेले भोपळे ती माळ्यावर एकाला एक चिकटू न देता मांडायची आणि ते पाडव्यापर्यंत टिकायचे.

मी भरती होऊन निघालो तेव्हा तिनं माझ्या ट्रंकेत घाऱ्यांचा डबा ठेवला. भोपळा किसून गुळात शिजवायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, आणि त्या रसात मावेल तेवढंच गव्हाचं पीठ मळायचं. पाणी लागलं की घारी दोन दिवसांत बुरसते. तिच्या घाऱ्या आठ दिवस टिकल्या, पार जम्मूपर्यंत. बरॅकमधल्या पोरांनी डबा चाटून पुसून संपवला आणि मला विचारलं, तुला येतात का करायला? येतात म्हणालो, कारण चुलीपुढं बसून बघितलेलं होतं. त्या घाऱ्यांमुळं मी लांगरी झालो असं मी सांगतो. आमची शालू म्हणते, बंदुकीचा नेम लागत नव्हता म्हणून झाला. शालू माझी बायको.

आता एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं जुनी माणसं म्हणायची. पुरुषानं एक चीर द्यायची, मग बाईनं हवा तसा चिरावा. शालूला असलं काही पटत नाही. ती कलिंगडापासनं कोहळ्यापर्यंत काय दिसेल ते फोडते. वहिनी मात्र पाळायची. नानासो होता तोवर तो चीर द्यायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि तो मान माझ्याकडं आला.

नानासोचा पहिला म्हाळ होता. पितरांच्या पानात भोपळ्याची भाजी लागतेच. आदल्या दिवशी वहिनी म्हणाली, "भावजी, सकाळी नवाला या. भोपळ्याला चीर द्यायची हाय."

"येतो की," मी म्हणालो.

सकाळी निघालो तो पारावर अडकलो. कुठल्या कारखान्याची ऊसतोड आधी येणार, यावर चारजण भांडत होते. त्यात मी पाचवा. घरी आलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. पाहुणे बसलेले, बाराच्या आत कावळ्याला पान ठेवायचं होतं, आणि चुलीपुढं भोपळ्याच्या दोन भकली पडल्या होत्या.

माझं डोकं सटकलं. चूक आपली असली की माणसाचं डोकं जरा जास्तच सटकतं. सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडलो, "मी मेलो का काय? घरात पुरुष माणूस न्हाईच असं धरून चालला व्हय तुमी?"

वहिनीनं वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "नवाला तर न्हवताच की तुमी."

खरं बोललेलं लय झोंबतं. मी ताट ढकललं आणि निघून गेलो. भावाच्या म्हाळाचं जेवण मी जेवलो नाही. त्या दिवसापासनं आमच्या दोन घरांमधल्या छातीएवढ्या भिंतीपलीकडं मी बघणं सोडलं. एक नाही, दोन नाही, चार वर्षं.

भोपळ्याच्या वेलाला हे कोण सांगणार? तो दर पावसाळ्यात भिंत ओलांडून माझ्या अंगणात यायचा, आणि माझ्या बाजूला दोन-तीन भोपळे लोंबायचे. मी ते घरात घेत नव्हतो. तयार झाले की देठासकट कापायचो आणि भिंतीवर नेऊन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी ते तिकडं गेलेले असायचे. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांवर यायची. माळ्यावर वीस भोपळे असताना वहिनी म्हाळाच्या आधी बाजारातनं भोपळ्याची चिरलेली फोड विकत आणायची. आपले अख्खे भोपळे गावात वाटून टाकायची. मी शालूला म्हणायचो, "डोकं फिरलंय बाईचं. घरात ढीग आन बाजारातनं फोड आणतिया." शालू आपली भाकरी थापत राहायची.

गेल्या वर्षी माझ्या गालात आतनं जखम झाली आणि ती भरेना. वीस वर्षांची तंबाखू, त्याच गालात धरायचो. गाठीचं निदान झालं. दसऱ्यानंतर ऑपरेशन केलं, आणि दिवाळी झाल्यावर रेडिएशन लावलं. आमच्याकडं त्याला लाइट म्हणतात. मलकापूरला रोज रिक्षानं जायचं, आठवड्याला पाच दिवस, असे तेहतीस लाइट.

पहिले दहा ठीक गेले. मग तोंड आतनं सोललं. पाणी पिताना डोळ्यांतनं पाणी यायचं. भाकरी तर सोडाच, वरणभातसुद्धा तोंडात वाळूसारखा लागायचा. चव गेली. ज्या जिभेवर एकोणीस वर्षं भाकर कमावली, तिला मीठ कळेना. बोलणं बंद झालं. काय हवं ते मी पाटीवर लिहून दाखवायचो. मला बोलता येत नाही म्हणून गावाला जरा आराम पडला असणार.

ऑपरेशनच्या आधी मी सहासष्ट किलो होतो. पंधराव्या लाइटला त्रेपन्न भरलो. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "पन्नासच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही. गेला तर नाकातनं नळी घालायला लागेल. आणि अंगात ताकदच उरली नाही तर लाइट मध्येच थांबवावे लागतील. मध्येच थांबवले, तर केलेलं पाण्यात."

मी घाबरलो. फौजेत असताना बर्फात घाबरलो नव्हतो, तो त्या काट्याला घाबरलो.

तिथं आहाराचं सांगणारी एक पोरगी होती, ब्राह्मी नावाची, सांगलीकडची. तिनं शालूला बसवून सगळं समजावलं. आंबट नको, तिखट नको, खरखरीत नको. तांबडा भोपळा चांगला, म्हणाली, मऊ शिजतो, पचायला हलका, घसा ओरखडत नाही, त्याच्या त्या पिवळ्या रंगातच जीवनसत्त्व आहे, पोटही साफ राहतं. "पण मावशी, नुसत्या भोपळ्यानं वजन राहणार नाही. त्यात मुगाची डाळ घाला, दूध घाला, तूप घाला. भोपळ्याच्या बिया टाकू नका, सोलून वाटून त्यातच मिसळा. आणि भोपळा म्हणजे औषध नाही, औषध हे इथलं. तो फक्त तुम्हाला इथवर आणून पोचवील." पोरगी वयानं लहान पण बोलणं शहाणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालूनं वाटी पुढं केली. पिवळीधमक, पळीतनं सरकेल एवढी सरसरीत. मी एक चमचा तोंडात धरला. झोंबलं नाही. गिळला. खाली गेला. दुसरा घेतला. पाव वाटी संपली तेव्हा शालू पदरानं डोळे पुसत होती.

आता खरं सांगतो. पहिल्या चमच्यालाच मला कळलं की हे शालूच्या हातचं नाही. शालूनं अडतीस वर्षांत बिनगुठळीचं पिठलं मला दाखवलेलं नाही. चव गेली होती, पण जिभेला मऊ-खरखरीत कळत होतं. हा भोपळा वाफेवर शिजवून फडक्यातनं गाळलेला होता. डाळ इतकी घोटलेली की वेगळी लागत नव्हती, आणि तूप शेवटी, कोमट झाल्यावर घातलेलं. असं करणारी बाई आमच्या आळीत एकच होती. वेलची नाही, जायफळ नाही, कारण ते झोंबलं असतं. हेसुद्धा कुणीतरी विचार करून टाळलं होतं.

मी विचारलं नाही. पाटी हाताशी होती, तरी लिहिलं नाही. विचारलं असतं तर कबूल करायला लागलं असतं, आणि मग खाता आलं नसतं. माझा स्वभाव मला माहीत आहे. अंगाला हवं होतं, म्हणून डोकं गप्प बसलं.

दुसरी एक गोष्ट मात्र मला कळेना. दर तीन-चार दिवसांनी सकाळी शालू अख्खा भोपळा आणि सुरी घेऊन माझ्या खाटेपाशी यायची. "आवं, एक रेघ मारा ह्याच्यावर. पहिली सुरी पुरुषाची."

मी तिच्याकडं बघत राहायचो. आयुष्यभर कोहळे फोडणारी ही बाई, हिला आत्ताच रीत आठवावी? पाटीवर लिहिलं, "तूच काप." ती म्हणाली, "मारा म्हणते न्हवं? मला काय हौस आलीया?" मी रेघ मारायचो. भोपळा घेऊन ती निघून जायची. मला वाटलं, माणूस मरायला टेकला की बायकांना सगळे नेमधर्म आठवतात, तसं काहीतरी असेल. मनात म्हटलं, असू दे, तिचा जीव राहतोय ना.

पाचव्या आठवड्यात सुरी धरता येईना. सालीवरनं पातं घसरलं. भोपळ्याला ओरखडासुद्धा काढता येत नाही म्हणून मी रडलो. शालूनं माझी बोटं सुरीच्या मुठीवर ठेवली, वर आपला हात ठेवला आणि रेघ ओढली. म्हणाली, "झालं. चालंल तिला."

"तिला" म्हणाली. मी त्या वेळी तिकडं लक्ष दिलं नाही.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी काटा पन्नास पॉइंट दोनवर थांबला. आठ लाइट राहिले होते. डॉक्टर म्हणाले, सोमवारी परत बघू. खाली गेला तर नळी.

मधल्या रविवारी शालूला वाईला जाणं भाग होतं. भाचीच्या बाळाचं बारसं, आणि भाचीची आत्या म्हणून तिच्याच मांडीवर बाळ द्यायचं ठरलेलं. सातच्या एसटीसाठी तिची धांदल चालली होती. मला सकाळचं दूध पाजलं आणि म्हणाली, "बाराला खायला येईल. गपगुमान खायाचं. उद्या काटा हाय."

मी हातानं विचारलं, कोण आणणार?

"येईल की कोणतरी," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

बारा वाजले. कुणी आलं नाही. साडेबारा झाले. पोटात कावळे ओरडत होते असं म्हणता येणार नाही, भूक कधीच मेली होती. पण डोळ्यांपुढं काटा दिसत होता. एक वाजला तसा माझा जुना संताप चढायला लागला. म्हटलं, बघा, चार वर्षांचा डाव साधला. नेमका आजचा दिवस धरला. सव्वाशे माणसांना मी वेळेवर जेवू घातलं, बर्फ पडत असताना घातलं, आणि मला एक वाटी वेळेवर मिळू नये. बोलता येत नव्हतं, नाहीतर खाटेवरनंच गाव गोळा केला असता.

उठलो. भिंत धरून, थांबत थांबत अंगणात आलो. दोन घरांमधल्या त्या भिंतीवर हात टेकले आणि चार वर्षांनी पहिल्यांदा पलीकडं बघितलं.

वहिनी सोप्यात चुलीपुढं बसली होती. केस पांढरेशुभ्र झाले होते, ते मला माहीत नव्हतं. बाजूला शिजलेली मूगडाळ झाकून ठेवलेली. तुपाची वाटी. सोलून वाटलेल्या बिया. गाळायचं धुतलेलं फडकं घडी करून ठेवलेलं. चाळणीखाली पाण्याला कढ येऊन ते आटत चाललं होतं, मधेच उठून तिनं तांब्याभर पाणी घातलं आणि परत बसली. आणि तिच्यापुढं अख्खा भोपळा, त्यावर आडवी सुरी. ती मांडीवर हात ठेवून नुसती त्याच्याकडं बघत बसली होती.

मला सगळं एका दमात कळलं. शालू गडबडीत सकाळी रेघ मारून घ्यायला विसरली होती. रेघ शालूला नको होती, हिला हवी होती. बाजारातनं फोड आणायची, ती कुणातरी पुरुषानं आधीच चिरलेली असायची म्हणून. चार वर्षं ह्या बाईनं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावली नव्हती.

मी रस्त्यानं वळसा घालून तिच्या दारात गेलो. तीसेक पावलं असतील, मला दोन ठिकाणी बसावं लागलं. मला बघून ती दचकून उठली.

"भावजी! आवं, पडाल की! बसा, बसा हितं." तिनं पाट सरकवला.

मी बसलो. जीभ जड होती, ओठ फाटले होते. तरी शब्द काढला. "वैनी, किती येळ बसलाय?"

"दोन तास झालं आसतील," ती खाली बघत म्हणाली. "शालूनं रेघ मारून घेतली आसंल वाटलं, चिरायला घेतला तर भोपळा कोराच. हाक मारावी वाटलं. पण कशी मारायची? तुमी तर वळखच सोडली."

"आळीत कुणालाबी बोलवायचं."

"दुसऱ्याचा हात कशाला? घरात माणूस हाय की."

माझेच शब्द माझ्या तोंडावर फिरून आले. पण तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला टोमणे येतच नाहीत.

"त्या दिवशी मी सुरी लावली," ती म्हणाली, "आन तुमी मेल्याची भाषा केली. मला लय लागलं, भावजी. एक गेला हुता, त्याच्या म्हाळाला दुसऱ्यानं असं बोलावं? तवाच ठरवलं, परत सुरी लावायची न्हाई. आन मग तुमचं हे दुखणं निघालं. मला वाटलं, माझ्याच हातनं काय वंगाळ झालं का काय."

"वैनी," मी म्हणालो, आणि दुखत असूनसुद्धा पुरतं बोललो, "दुखणं तंबाखूनं आलं. भोपळ्यानं न्हवं."

ती हसली. हसता हसता रडली. मीही रडलो, ते लपवायचं कारण नाही.

सुरी उचलून मी तिच्यापुढं धरली. "कापा तुमी. त्या दिवशीबी बरोबरच हुतं तुमचं. मी पारावर बसलो हुतो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "अडीच तास वाट बघितली त्या दिवशी. आळीतल्या एका पोरीला दोनदा धाडलं हुतं बघायला, पारावर बसलाय म्हणून सांगत आली. पाहुण्यांम्होरं नाव घेतलं न्हाई तुमचं." मग सुरी माझ्याकडं परत सरकवली. "तुमी हाय तवर मी न्हाई लावायची. जोर मी देते. तुमी नुसता हात ठेवा."

मी हात ठेवला. तिनं माझ्या हातावर हात ठेवून दाबलं. भोपळा कट्कन तडकला, आत शेंदरी गर आणि बियांची ओळ. मग तिचा हात भराभर चालला. फोडी वाफेवर, गर फडक्यातनं, डाळ, बिया, दूध, शेवटी तूप. मी लांगरी, पण गप्प बसून बघत राहिलो, आठवीतल्यासारखा. पावणेतीनला वाटी हातात आली. एक खाल्ली, मग अर्धी आणखी. ती म्हणाली, "घ्या की थोडं," आणि मी घेतलं. संध्याकाळी परत एक वाटी घेऊन ती स्वतः माझ्या दारात आली.

सोमवारी काटा पन्नास पॉइंट चारवर थांबला. डॉक्टर म्हणाले, "चला, नळी राहू दे." बाकीचे आठ लाइट पूर्ण झाले. जखम भरली. दर दोन महिन्यांनी तपासायला जातो, आतापर्यंत ठीक आहे. तिखट अजून सोसत नाही. वजन एकोणसाठ झालंय. तंबाखूचं नाव काढत नाही, आणि पारावर कुणी काढली पुडी तर त्याला माझा जुना आवाज ऐकायला मिळतो.

यंदा नानासोच्या म्हाळाला मी सकाळी सहालाच सुरीला धार लावून वहिनीच्या सोप्यात जाऊन बसलो. ती दार उघडून बाहेर आली आणि कपाळाला हात लावला.

"आवं भावजी, उजाडलं न्हाई अजून नीट. माझी आंघूळ व्हायची हाय. भोपळा माळ्यावरच हाय."

"होऊ द्या निवांत," मी म्हणालो. "मी थांबतो."